मेंदूला लावलेलं ठिबक

माझ्या थोरल्या जाऊबाईंना घरादारात सगळे अक्का म्हणतात. अक्कांचं आणि माझं कधी पटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की जावाजावांचं गूळपीठ होतं म्हणून ही एवढी चिडलीय. गूळपीठ वगैरे काही नव्हतं. बेंबळीच्या पुढं आमचं गाव, गावात आमचं पत्र्याचं घर, घरात मधोमध एक भिंत, आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना एकेक चूल. मी गावातल्या शाळेत मराठी शिकवायची आणि अक्का शेत चालवायच्या. थोरले भाऊजी, म्हणजे अक्कांचे मालक, शेताचे नावाला धनी. कुठल्या तुकड्यात काय पेरायचं, कुठल्या बाईला कामावर बोलवायचं आणि कुणाला नाही, हे अक्का ठरवायच्या, आणि ठरलेलं अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं.

माझ्याशी त्या सरळ बोलत नसत. लेकी बोले सुने लागे, तसं त्या मांजराला बोलत. “खा बाई, आयतं खा. तुला काय, महिन्याचा पगार हाय,” असं भिंतीपलीकडून ऐकू यायचं. आता मांजराला कुठला आलाय पगार! मीही काही कमी नव्हते. इकडून भांडी घासता घासता एखादी म्हण मोठ्यानं म्हणायची, अर्थासकट. आमच्या ह्यांना दोन्ही बाजूंचं ऐकू यायचं आणि ते पेपर तोंडासमोर धरून बसायचे. असा आमचा संसार चालला होता, आणि खरं सांगायचं तर बरा चालला होता.

सोयाबीन काढायचे दिवस होते. मी निवृत्त होऊन घरीच होते. सकाळी अक्का ओसरीत उभ्या राहून बायांना झाडत होत्या, उशीर केला म्हणून. मी इकडं चहा पीत ऐकत होते. मधेच त्यांचे शब्द चघळल्यासारखे यायला लागले आणि मग आवाजच थांबला. अक्कांचा आवाज वाक्याच्या मधे थांबला असं मी कधी ऐकलं नव्हतं. भिंतीला वळसा घालून गेले तर चरवी खाली पडलेली, पाणी पायावर सांडलेलं, आणि अक्का खांबाला टेकून खाली घसरत होत्या. उजवा हात लोंबत होता, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. डोळे मात्र टक्क उघडे होते आणि ते माझ्याकडं बघत होते.

“वारं गेलं गं बया अंगावरून!” कामाला आलेल्या बायांतली एक ओरडली.

आमच्याकडं लकव्याला अंगावरून वारं जाणं म्हणतात. एकदा नाव पडलं की इलाजही नावावरूनच ठरतो. वारं गेलंय ना, मग आणखी वारं लागू द्यायचं नाही. अक्कांना उचलून आतल्या खोलीत निजवलं, खिडकी लावली, दार ओढून घेतलं आणि त्या उकाड्यात अंगावर गोधडी घातली. मी म्हणाले, “भाऊजी, गाडी काढा. सरळ सोलापूरला नेऊ. ह्याला वेळ लावायचा नसतो.”

“बाई, जरा दम खावा. डॉक्टर यायलाय,” भाऊजी म्हणाले. मी शाळेत शिकवायची म्हणून घरातसुद्धा मला बाईच म्हणतात. म्हणतात बाई, पण ऐकत कुणी नाही.

डॉक्टर मोटरसायकलवर आले. आमच्या भागातल्या चार-पाच गावांचे ते एकटेच डॉक्टर. त्यांनी बीपी बघितलं, एक इंजेक्शन दिलं, आणि सोलापूरला न्या म्हणाले. एवढं तरी बरोबर म्हणाले. पण त्यानंतरही गाडी हलली नाही. कारण अक्कांचा मुलगा पुण्याहून निघाला होता. “लेकरू येऊ द्या. ते आलं की त्याच्या इचारानं जाऊ,” भाऊजी म्हणाले. लेकरू एका कंपनीत मालाची ने-आण बघतं. त्याला डॉक्टरकी येत नव्हती. गाडी दारात उभी होती, चालवायला आमचे हे होते. पण मोठी गोष्ट मुलाला विचारल्याशिवाय करायची नाही, ही आमच्या घरची रीत, आणि आमच्याच का, आमच्या भागातल्या बहुतेक घरांची. मुलगा सगळ्या वाटेनं फोन करत होता, “निघालात का? निघालात का?” आणि इकडून भाऊजी सांगत होते, “तू ये, मग निघतो.”

मुलगा आल्यावर निघालो, आणि सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तिथल्या डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, “हे किती वाजता झालं?” भाऊजींनी सांगितलं. त्यानं घड्याळाकडं बघितलं. मग म्हणाला, “मेंदूच्या नसेत गुठळी अडकलीय. ती विरघळवायचं औषध असतं, पण ते पहिल्या काही तासांतच देता येतं. आता ते द्यायला उशीर झालाय.” त्यानं हे शांतपणे सांगितलं, रोज सांगावं लागत असेल. मला त्या क्षणी भाऊजींचा, त्या लेकराचा, गोधडीचा, सगळ्यांचा असा राग आला की मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुऊन आले. दवाखान्यात कुणाशी भांडणार?

काही दिवसांनी अक्कांना घरी पाठवलं. उजवी बाजू लुळी, आणि तोंडातून एकच आवाज निघायचा, हुंकारासारखा. सोबत औषधांची चिठ्ठी होती. रक्त पातळ राहायची एक छोटी गोळी, बीपीची एक छोटी गोळी, आणखी एक-दोन. आणि इंजेक्शनं. ही बाटलीतून सोडायची, बरेच दिवस. कशाची विचारलं तर तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, “मेंदूच्या पेशींचं रक्षण करतात. रक्त कमी पोचलं की पेशींना इजा होते ना, त्यापासून वाचवतात.”

“नक्की वाचतात का?” मी विचारलं.

तो चिठ्ठीवर शिक्का मारत म्हणाला, “दिलं तर तोटा नाही, मॅडम.”

हे वाक्य मी पुढं फार ऐकलं. तोटा नाही. औषध कशासाठी देता, तर तोटा नाही म्हणून! मी जर वर्गात पोरांना असलं काही शिकवलं असतं, ज्याचा उपयोग आहे की नाही ठाऊक नाही पण तोटा नाही, तर मुख्याध्यापकांनी मला घरी बसवलं असतं.

गावातल्या आमच्या डॉक्टरांना मात्र ही शंका शिवली नाही. ते रोज यायचे. अक्कांच्या खाटेवर, भिंतीला जिथं देवाचं कॅलेंडर होतं, त्याच्याच खिळ्याला बाटली टांगायचे. भाऊजींनी एकदा विचारलं, हे नेमकं करतंय काय? डॉक्टर म्हणाले, “रक्त कमी पडलं म्हणून मेंदूच्या पेशी सुकायल्यात. ह्यानं त्या टिकतात.”

भाऊजींचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एक आजार समजला होता. ते भेटायला येणाऱ्याला समजावून सांगायला लागले, “कसं हाय, उसाला पाणी कमी पडलं की पानं वाळतात का न्हाय? मग आपण ठिबक लावतो. तसं हे मेंदूला ठिबक हाय. थेंब थेंब, थेंब थेंब.” आणि बाटलीच्या नळीतून पडणाऱ्या थेंबाकडं बोट करायचे. भेटायला आलेला शेतकरीच असायचा. त्यालाही पटायचं. सगळे मिळून थेंब बघत बसायचे.

अहो, पण वाळून गेलेल्या उसाला ठिबक लावून काय उपयोग? पाणी तुटलं त्या घटकेला धावत जाऊन चारीत अडकलेला गाळ काढायचा असतो. तेव्हा आम्ही लेकराची वाट बघत बसलो होतो. हे मी भाऊजींना म्हणालेसुद्धा. ते म्हणाले, “बाई, झालं ते झालं. आता इलाज चाललाय तर त्याला नाट लावू नका.” म्हणजे मीच नाट!

आता त्या खोलीत काय चाललं होतं ते सांगते, कारण माझा खरा राग तिथला आहे. अक्कांचा उजवा हात आजारानं गेला होता. डावा हात शाबूत होता. पण सुई डाव्या हातात. सुई हलू नये म्हणून मनगटाखाली पुठ्ठा ठेवून वरून पट्टी बांधलेली. म्हणजे एक हात रोगानं बांधला होता आणि एक औषधानं. अक्कांना पाणी पाहिजे असलं तर त्यांनी खूण कशानं करायची? नाकावर माशी बसली तर? बाटली चालू असताना त्यांना उठवून बसवायचं नाही, कुशीवर वळवायचं नाही, कारण “सलाईन चालूय, हलवू नका.” एक बाटली संपेपर्यंत दुपार व्हायची, मग जेवण भरवायचं, मग विश्रांती. असा त्यांचा दिवस संपायचा. मेंदूचं रक्षण चाललं होतं आणि बाई खाटेवर पडून लाकडासारखी ताठत चालली होती.

वर भेटायला येणारी माणसं. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला गेलं की परीक्षा घ्यायची पद्धत आहे. बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवायचा आणि तोंड जवळ नेऊन मोठ्यानं विचारायचं, “अक्का, मला वळकलं का? सांगा बरं मी कोण?” अक्कांना बोलता येत नाही हे माहीत असून विचारायचं! अक्का डोळे फिरवायच्या, हुं हुं करायच्या. मग तो माणूस आमच्याकडं वळून, त्यांच्यासमोरच, म्हणायचा, “मेंदूवर झालंय. काई कळंना त्यांना.” मग वर बघायचा. “पर बाटली चाललीय, हुईल हळूहळू.” आणि चहा पिऊन जायचा. एकदा एकजण असंच बोलून वळला, आणि मी अक्कांच्या डोळ्यांत बघितलं. त्या नजरेत इतका संताप होता की मला ओळखीचा वाटला. तीस वर्षं मी त्याच नजरेशी भांडत आले होते. ह्या बाईला सगळं कळत होतं.

त्या दिवसापासून मी ह्या प्रकरणात खरी पडले. कळवळा म्हणा हवं तर, पण मला वाटतं माझा मूळचा तापट स्वभावच. जिच्याशी भांडायचं तिला काही कळत नाही असं कुणी ठरवून टाकावं, हे मला सहन होईना.

पहिल्यांदा मी गोळ्या शोधल्या. खिडकीच्या फळीवर, काडेपेटी आणि उदबत्तीच्या मागं सापडल्या. पाकिटं जवळजवळ भरलेली. रक्त पातळ करायची गोळी, बीपीची गोळी, ज्या न चुकता रोज द्यायला सांगितलं होतं, त्या कुणी देतच नव्हतं.

“भाऊजी, ह्या गोळ्या?”

“गोळ्यांनी काय व्हतंय बाई, एवढी एवढी तर हाय ती. बाटली चालूय की.”

ज्यानं दुसरा झटका टळायचा ते उदबत्तीच्या मागं, आणि ज्याचा भरवसा नाही ते खिळ्याला टांगलेलं, सगळ्यांना दिसेल असं. मी तिथल्या तिथं एवढी ओरडले की आमचे हे पेपर खाली ठेवून आले. त्या दिवसापासून गोळ्या माझ्या चुलीपाशी राहिल्या आणि मी रोज अक्कांच्या तोंडात घातल्या. घरात कुणाचीही नाही म्हणायची टाप नव्हती, कारण मी फार वाईट ओरडले होते.

बाटल्या मात्र थांबल्या नाहीत. त्या एका वेगळ्याच गोष्टीनं थांबल्या. सुया टोचून टोचून अक्कांचा डावा हात सुजला, शीर लाल दोरीसारखी टणक झाली. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस थांबू, सूज उतरू द्या. भाऊजी हवालदिल झाले, ठिबक बंद पडलं म्हणून. मी म्हणाले, आता बाटली नाही तर हलवायला हरकत नाही ना? आणि त्यांचं उत्तर यायच्या आत आमच्या ह्यांना गाडी काढायला लावली. अक्कांना उचलून मागच्या सीटवर ठेवलं आणि धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत अक्कांनी काच खाली करायची खूण केली, सुजलेल्या डाव्या हातानं. मी काच खाली केली. भरपूर वारं आलं. आणि काही झालं नाही.

तिथल्या डॉक्टरांनी सगळे कागद बघितले. मी विचारलं, “ही पेशी वाचवायची इंजेक्शनं आणखी किती द्यायची?” ते वयस्कर गृहस्थ होते, घाई असलेले, पण त्यांनी मला सरळ सांगितलं. म्हणाले, “बाई, कल्पना चांगली आहे. रक्त कमी पडलं तर पेशी मरतात, त्यांना तग धरायला लावायचं. जनावरांवर गुण दिसला होता. माणसांवर बघितलं तेव्हा ठाम असं काही हाती आलं नाही. लोक अजून शोधताहेत, उद्या निघेलही एखादं. पण ह्यांना आज ज्यानं फायदा होईल ते हे नाही. त्या दोन छोट्या गोळ्या सोडू नका, आणि त्या खोलीत जा.” त्यांनी समोरच्या दाराकडं बोट केलं.

“मग आम्हाला हे कुणी सांगितलं का नाही?”

“कारण तुम्हाला बाटली पाहिजे असते,” ते म्हणाले. “मी बाटली लावली नाही तर लोक म्हणतात ह्या डॉक्टरनं काहीच केलं नाही.”

मला त्यांचाही राग आला. आम्हाला पाहिजे असते म्हणून! पोराला चॉकलेट-बिस्किटं पाहिजे असतात, म्हणून कुणी जेवणाऐवजी तेच वाढतं का? शिकलेल्या माणसानं अडाण्याच्या हट्टामागं लपायचं, ही कुठली रीत? मी तसं म्हणाले. ते हसले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

“त्या खोलीत” व्यायाम शिकवणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनी आमच्याकडं बघितलंच नाही. अक्कांसमोर स्टूल घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, “मावशी, मी तुमचा हात धरू का?” आजार झाल्यापासून अक्कांना कुणी विचारलं नव्हतं. सगळे धरतच होते. अक्कांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं आणि मग मान हलवली. ताईंनी त्यांचा उजवा तळवा टेबलावर उलगडून ठेवला, त्यावर स्वतःचा हात ठेवला आणि म्हणाल्या, आता ह्यावर भार द्या. अक्कांच्या कपाळावर घाम आला. खांदा थोडा हलला. हात हलला असं म्हणता येणार नाही, पण खांदा हलला, मी बघितला. आणि अक्का रडायला लागल्या. मीही रडले. आमचे हे बाहेर जाऊन उभे राहिले.

ताईंनी मला सांगितलं, “हे फार दिवस आधी सुरू व्हायला पाहिजे होतं. ह्यांना बसवा, उभं करा, उजव्या हाताकडून काम मागा. बोला त्यांच्याशी. आणि बोलल्यावर थांबा. त्या उत्तर देतील तोवर वाट बघा, मधे तुम्ही बोलू नका.”

मधे बोलू नका! हे मला सांगत होत्या! पण मी शिकले. सकाळी आमच्या चुलीची कामं उरकून मी भिंतीपलीकडं जायला लागले. अक्कांचं लुगडं नऊवारी. एका हातानं कासोटा घालता येत नाही, तो मी घालायची. एवढी वर्षं जिच्या सावलीशी भांडले तिच्या कमरेशी रोज सकाळी वाकून उभी राहायची. पहिल्या दिवशी आम्ही दोघी भिंतीकडं बघत होतो. मग सवय झाली. सुपात तूर पसरून त्यांच्या उजव्या हाताखाली द्यायची आणि म्हणायची, खडे निवडा. बोटं चालत नव्हती, सगळा पंजा सुपावरून फिरायचा आणि अर्धी तूर खाली. मी गोळा करून परत सुपात टाकायची. त्या चिडायच्या, डाव्या हातानं सूप ढकलून द्यायच्या. मी मांजराला म्हणायची, “बघ गं बाई, काम सांगितलं की कसा राग येतो लोकांना. आयतं खायची सवय.” अक्कांचे डोळे असे पेटायचे! आणि पंजा पुन्हा सुपावर यायचा.

सूज उतरल्यावर डॉक्टर पिशवी घेऊन हजर. मी आडवी आले. “ह्या हातानं त्यांना आता धरून उभं राहायचं असतं. हा बांधू नका.” डॉक्टर भाऊजींकडं बघायला लागले. भाऊजी माझ्यावर पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले, “बाई, उद्या तिला काय झालं तर जिम्मेदारी तुमी घेता का? लोक मला काय म्हणतील, बायकोचा इलाज बंद केला?” मुलाचा पुण्याहून फोन, “काकू, चालू द्या ना, तोटा काय आहे?” पुन्हा तोटा! तोटा त्या बाईच्या दुपारच्या दुपारींचा होता, पण तो कुणाच्या हिशेबातच नव्हता. शेवटी असं ठरलं की सकाळ माझी आणि दुपार बाटलीची. मी दातओठ खात मान्य केलं. सकाळी मी त्यांना उभं करायची, दुपारी डॉक्टर त्यांना निजवायचे.

हळूहळू अक्का उभ्या राहिल्या. भिंत धरून उंबऱ्यापर्यंत आल्या. थंडी पडली, ज्वारी पोटऱ्यात आली, तोवर त्या काठीवर अंगणात यायला लागल्या. उजवी बोटं मिटायला लागली. शब्दही आले, एकेक, फुटलेल्या मडक्याच्या खापऱ्यांसारखे. पाणी. भाकर. मांजर. एक शब्द म्हणायला त्यांना इतका वेळ लागायचा की समोरचा माणूस कंटाळून तो स्वतःच म्हणून टाकायचा, आणि बहुतेक वेळा चुकीचा. मी वाट बघायची. गप्प बसणं किती कष्टाचं काम आहे हे मला ह्या वयात कळलं.

डॉक्टरांचा बाटल्यांचा कोर्स संपला होता. अक्का चालताना सगळ्या गावानं बघितलं होतं. आणि गावानं निकाल दिला: बाटलीचा गुण. “एवढं ठिबक लावलं, पेशी भरून आल्या,” भाऊजी पारावर सांगायचे. त्यांनी सत्यनारायण घातला आणि त्याला डॉक्टरांना मुद्दाम बोलावलं, शाल-नारळ द्यायला. मी शिरा ढवळत होते आणि माझं डोकं शिऱ्यापेक्षा जास्त तापलं होतं. आमचे हे कानाशी येऊन म्हणाले, “आज काही बोलू नकोस. पूजा आहे.” मी म्हणाले, बोलत नाही.

कथा झाली, आरती झाली. डॉक्टर खुर्चीवर बसले. भाऊजी म्हणाले, शाल अक्काच्याच हातानं देऊ, तिचा जीव वाचलाय. अक्का काठी टेकत उभ्या राहिल्या. पूजेला आलेल्या आमच्या भाचीनं त्यांच्या उजव्या हातावर घडी केलेली शाल ठेवली. त्या हातावर ती राहिली, हे कुणी बघितलं की नाही मला माहीत नाही. मी बघितलं. डॉक्टर चार शब्द बोलले. म्हणाले, “मेंदूच्या पेशी आपण वेळेत वाचवल्या, म्हणून हा दिवस दिसला.” वेळेत! मी हातातलं उलथणं गच्च धरलं. मग ते भाऊजींकडं वळले. “आता बोलण्याचं राहिलंय. अजून एक कोर्स करून टाकू. तोटा तर काही नाही.” भाऊजींनी मान हलवली. मुलगा आला होता पुण्याहून, त्यानंही हलवली. बसलेल्या चार माणसांनी हलवली.

“नको,” अक्का म्हणाल्या.

शब्द जड होता, पण स्वच्छ होता. कुणाला वाटलं शाल पेलवेना, म्हणून कुणीतरी पुढं होऊन ती त्यांच्या हातातून घेतली आणि डॉक्टरांच्या खांद्यावर टाकली. अक्कांनी काठी खांबाला टेकवली आणि डावा हात पदराखाली घेतला, कोपरापासून मनगटापर्यंत झाकला.

“नको.”

डॉक्टर हसले. “पेशंटचं काय ऐकायचं, मेंदूवर परिणाम असतो. घरच्यांनी ठरवायचं असतं.”

“अगं, तुझ्याच भल्याचं हाय,” भाऊजी म्हणाले.

अक्कांनी भाऊजींकडं बघितलं. तोंड हलत होतं, शब्द येत नव्हता. भाचीनं काहीतरी सुचवायला तोंड उघडलं, मी तिच्या दंडाला धरलं. सगळे थांबले, कारण अक्का थांबायला लावत होत्या. बराच वेळ गेला.

“सुई. नको,” अक्का म्हणाल्या. “मी. नको.”

आजारानंतर दोन शब्द एकापुढं एक त्यांनी पहिल्यांदाच जोडले होते. भाऊजी त्यांच्याकडं बघतच राहिले. मग ते खालच्या आवाजात, डॉक्टरांकडं न बघता म्हणाले, “ऱ्हाऊ द्या, साहेब. नको म्हणायलीय ती.”

डॉक्टरांनी प्रसाद घेतला, नारळ पिशवीत टाकला आणि गेले. अक्का अजून उभ्याच होत्या, काठी सोडून, हात पदरात धरून. बोलती माणसं आम्ही घरभर होतो, आणि नको म्हणायला, ज्यांची वाचा गेली होती, त्यांना उभं राहावं लागलं.